दालनातली माती

आठवडी बाजारात माठ विकत घेणारी बाई तो नुसता डोळ्यांनी निवडत नाही. माठ ती एका तळव्यावर तोलते, दुसऱ्या हाताच्या बोटांच्या पेरांनी वाजवते आणि मान किंचित कलती करून ऐकते. नाद खणखणीत उमटला तर माठ पक्का. बद्द आला तर कुठेतरी चीर आहे, किंवा आव्यात आच पुरेशी पोचलेली नाही. गोरोबाकाकांच्या कथेतले थापटणे हे ह्याच परीक्षेचे साधन. ते संतमेळ्यातल्या डोक्याडोक्यावर फिरले, नामदेव रुसले आणि नामदेवच कच्चे ठरले. अध्यात्मातल्या एका अत्यंत अवघड प्रश्नाचा निवाडा वारकरी परंपरेने कुंभाराच्या हातातल्या लाकडी हत्यारावर सोपवला, ह्यामागे एक जुनी जाण आहे: मडक्याचे खरेपण हाताला आणि कानाला आधी कळते.

समकालीन मृत्तिकाकलेच्या प्रदर्शनात शिरताना नेमकी ही दोन इंद्रिये दाराशी ठेवावी लागतात. ‘कृपया हात लावू नये’ ही सूचना चित्रांच्या दालनातही असते. परंतु तिथे ती फारशी बोचत नाही, कारण चित्र मुळातच डोळ्यांसाठी असते. मातीच्या भांड्यापुढे मात्र ती सूचना विचित्र वाटते. ओठाला लागण्यासाठी वळवलेली कड आणि बोटे शिरावीत म्हणून दिलेला कान, हे सारे आता प्रकाशझोतात, पांढऱ्या चौथऱ्यावर, अंतर राखून पाहायचे असते. प्रेक्षक दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहतो. अनेकदा तो खाली वाकतो, बाजूने पाहतो, भांड्याच्या आत डोकावू पाहतो. जे हाताने क्षणात कळले असते, ते मिळवण्यासाठी शरीराची ही सारी खटपट चाललेली असते.

२०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात भरलेल्या पहिल्या भारतीय सिरॅमिक त्रैवार्षिकीच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने पुढे आला. ३१ ऑगस्ट ते १८ नोव्हेंबर असे जवळजवळ अडीच महिने ते प्रदर्शन चालले. ३५ भारतीय आणि १२ परदेशी कलावंतांचे प्रकल्प त्यात होते आणि कलावंतांनीच एकत्र येऊन ते उभे केले होते. भारतात मातीला एवढ्या मोठ्या प्रमाणावर, केवळ तिच्यासाठी म्हणून, असे दालन त्याआधी क्वचितच लाभले असेल.

वास्तूची निवडही अर्थपूर्ण होती. चार्ल्स कोरिया ह्यांनी हे केंद्र नवग्रहमंडलाच्या आधाराने नऊ चौरसांत रचले. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये वसवलेल्या नगराच्या आराखड्यात डोंगरामुळे एक चौरस जागचा हलला. त्याचे स्मरण म्हणून कोरियांनी आपलाही एक चौरस तिरका केला आणि तिथून प्रवेश ठेवला. मधला चौरस सूर्याचा. तो त्यांनी रिकामा सोडला. वर आकाश, खाली कुंडासारख्या पायऱ्या, बाकी काही नाही. घटाकाश आणि मठाकाश ही वेदान्ताची आवडती दृष्टान्तयोजना ज्याने लहानपणी कीर्तनात ऐकली आहे, त्याला त्या पायऱ्यांवर बसल्यावर ही इमारतच एका मोठ्या घटासारखी भासली तर नवल नाही. कुंभार माती वळवतो, पण घडवतो ती पोकळी. भिंत त्या पोकळीसाठी असते. मृत्तिकाशिल्पाने भांडेपण टाकले, पाणी धरण्याची जबाबदारी टाकली, तरी ह्या पोकळीचे ऋण त्याला टाकता येत नाही. पक्की, भरीव मातीची मोठी मूर्ती भट्टीत फुटण्याचाच संभव अधिक. म्हणून शिल्पकारालाही ती आतून कोरावी लागते. माध्यमाचा हा हट्ट सौंदर्यशास्त्राच्या आधीचा आहे.

ह्या शहराची स्वतःची एक गंमत आहे. जयपूर ज्या निळ्या भांड्यांसाठी जगभर ओळखले जाते, ती रूढ अर्थाने मातीची नव्हेत. गारगोटीचे पीठ, काचेचा चुरा, थोडी मुलतानी माती आणि डिंक ह्यांचा तो लगदा चाकावर फारसा चढत नाही. त्याला साच्यात बसवावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ लोपलेल्या ह्या कलेला ज्यांनी पुन्हा उभे केले ते कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार होते. परंपरा म्हणून जे आज विकले जाते, त्यात एका आधुनिक चित्रकाराचा डोळा मिसळलेला आहे. तेव्हा परंपरागत कारागीर एकीकडे आणि आधुनिक कलावंत दुसरीकडे अशी सरळ फाळणी करणारी समीक्षा जयपुरात तरी फार वेळ टिकू नये.

भारतीय स्टुडिओ-कुंभारकामाचा इतिहासही अशाच मिश्र वाटांचा आहे. सरदार गुरचरण सिंग १९१९ मध्ये जपानला गेले आणि तिथल्या हस्तकलेच्या नव्या दृष्टीचा संस्कार घेऊन परतले. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ ह्या अमेरिकन दांपत्याने पुदुच्चेरीला गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. पुढच्या दोन पिढ्यांतले कितीतरी कलावंत तिथल्या भट्टीतून तयार झाले. मराठी वाचकाने ह्या मालिकेत निर्मला पटवर्धन हे नाव विसरू नये. शांतिनिकेतन, जर्मनी, इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच ह्यांचे सान्निध्य, असा प्रवास करून आलेल्या ह्या विदुषीने १९८४ मध्ये कुंभारांसाठी जे हस्तपुस्तक प्रसिद्ध केले, ते भारतात मिळणाऱ्या द्रव्यांतून झिलई कशी सिद्ध करावी ह्याचा मोठा आधार ठरले. झिलईचे शास्त्र म्हणजे शेवटी आगीशी केलेला करार. लोहाचा अंश तोच, पण भट्टीत प्राणवायू मुबलक असेल तर रंग पिवळसर-तपकिरी येतो, कोंडला तर हिरवट-निळसर. तांब्याचे तर त्याहून अद्भुत: एका हवेत हिरवे, दुसरीत रक्तवर्णी. चित्रकार रंग लावतो तेव्हा तो त्याला दिसतो. कुंभार लावतो ती राखाडी किंवा पांढुरकी भुकटी असते आणि भट्टी उघडेपर्यंत त्याला थांबावे लागते. मराठी कलासमीक्षेने ह्या प्रतीक्षेची फारशी दखल घेतलेली नाही, आणि त्यात दोष भाषेचा नव्हे. आवा, थापटणे, चाक, परळ, रांजण, डेरा, बोळके, सुगड एवढी शब्दसंपदा घरात असताना समीक्षक उसन्या परिभाषेच्या मागे धावतो.

अर्थात दालनात आलेली सगळीच माती बोलते असे नाही. समकालीन मांडणीशिल्पाला संख्येचा मोह फार. एकसारखे शेकडो, हजारो लहान आकार जमिनीवर पसरले की भव्यता आपोआप साधते, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ह्या मोहाचे सर्वांत गाजलेले, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर सर्वांत सार्थ, उदाहरण जयपूरचे नाही. २०१० साली आय वेवे ह्यांनी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये चिनी मातीच्या सुमारे १० कोटी सूर्यफूल-बिया अंथरल्या. जिंगदेझेन ह्या पिढीजात कुंभारनगरीतल्या सुमारे १,६०० कारागिरांनी त्या हातांनी घडवल्या आणि रंगवल्या होत्या. त्यांवरून लोकांनी चालावे, मूठभर उचलून पाहाव्यात, अशी योजना होती. परंतु पायांखाली उडणारी बारीक धूळ श्वासाला अपायकारक ठरेल म्हणून काही दिवसांतच प्रेक्षकांना दोराबाहेर थांबवण्यात आले. हात लावण्यासाठी केलेले शिल्पही अखेर हाताबाहेर गेले. ती धूळ कारागिरांच्या श्वासाला कशी होती, हा प्रश्न त्या वेळी पुरेशा मोठ्याने विचारला गेला नाही.

जयपूरशी ज्यांचे नाव अखेरपर्यंत जोडलेले राहिले, ते हिम्मत शाह ह्यांच्या भाजलेल्या मातीच्या मस्तकांपुढे संख्या आणि भव्यता ह्यांची गरज उरत नाही. १९३३ मध्ये लोथलला, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या अवशेषांच्या गावी, जन्मलेल्या ह्या शिल्पकाराचे २०२५ मध्ये जयपुरात निधन झाले. त्या मस्तकांना नाकडोळे जेमतेम असतात. खाचा, ठोके, ओरखडे मात्र ठसठशीत. पाहणाऱ्याची बोटे पाठीमागेच राहतात, तरीही कुठे दाब पडला, कुठे हत्यार घसरले, हे त्याला आपल्याच तळव्यात जाणवत राहते. दालनातल्या मृत्तिकाशिल्पाचे यश मोजायचे तर ह्या कसोटीने मोजावे. हाताचे काम डोळ्याकडून करवून घेण्याची ताकद ज्या कृतीत नाही, ती कितीही कल्पक असली तरी तिने मातीऐवजी दुसरे काहीही वापरले असते तरी चालले असते. त्रैवार्षिकीतल्या काही प्रकल्पांवर हा आक्षेप रास्तपणे घेता येतो. दुसरी त्रैवार्षिकी पाच वर्षांहून अधिक काळाने, १९ जानेवारी २०२४ रोजी, दिल्लीच्या अर्थशिलेत सुरू झाली. तिच्या संदर्भातही ही कसोटी लागू आहे.

जयपूरहून दक्षिणेला, राजसमंद जिल्ह्यात, मोलेला नावाचे कुंभारांचे गाव आहे. तिथले कुंभार मातीच्या सपाट फलकावर देवांच्या आकृती उठवतात: धर्मराज, नागदेव, घोड्यावरचे वीर. आकृती आतून पोकळ असते. ह्या फलकांचे गिऱ्हाईक पूर्वापार आदिवासी आणि पशुपालक समाज. भोप्याला बरोबर घेऊन ते दूरदूरच्या गावांहून येतात. ह्या गावच्या मोहनलाल कुंभारांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यानंतर मोलेलाचे फलक शहरांतल्या भिंतींवर अधिकच दिसू लागले. तिथे फलकाला प्रकाश मिळतो, नाव मिळते, किंमतही बरी मिळते, आणि कुंभाराच्या घरात त्या पैशाने चूल पेटते हे विसरून चालणार नाही. गावच्या देवऱ्यात मात्र फलकाखाली कोणाचेही नाव नसते. त्याच्यावर पूजेचे हात पडत राहतात, धुपाचा धूर बसतो, पावसाळे जातात, कडा झिजतात. मग एखाद्या वर्षी भोपा आणि त्याची माणसे पुन्हा मोलेलाची वाट धरतात.