पेंग्विनच्या घरचे खेळ

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका नव्या मुलाने विचारलं, "सर, तुम्ही लिनक्सवर गेम खेळता? त्यावर गेम असतात तरी का?" हाच प्रश्न मला पहिल्यांदा २००५ साली कुणीतरी विचारला होता आणि तेव्हा मी अर्धा तास भाषण ठोकलं होतं. या वेळी डबा उघडा होता, बांगड्याचं हुमण थंड होत होतं, म्हणून नुसतं "असतात" म्हटलं. राहिलेलं भाषण इथे देतो. वाचकांनी सोसून घ्यावं.

मी काही संगणकवाला नव्हे. बी.ए. झालेला कारकून. लिनक्सकडे वळलो ते कुठल्या तत्त्वासाठी नाही, तर एका व्हायरसने माझ्या सगळ्या कविता खाल्ल्या म्हणून. (मराठी साहित्याचं त्यात काही नुकसान झालं नाही, असं बायकोचं मत आहे.) त्या काळात 'लिनक्स फॉर यू' मासिकाबरोबर सीडी मिळायची, उबुंटूवाले तर मागितली की पोस्टाने घरपोच पाठवायचे, तीही फुकट. सीडी घातली, संगणक सुरू झाला आणि पहिल्याच संध्याकाळी मेनूत 'गेम्स' असं दिसलं.

तेव्हाचे खेळ म्हणजे कसे? बर्फाच्या उतारावरून पोटावर घसरणारा पेंग्विन: टक्स रेसर. रंगीत फुगे फोडायचा फ्रोझन बबल, जो आजही आमच्या घरात बायकोइतका चांगला कुणाला येत नाही. आणि नेटहॅक. हा १९८७ सालचा खेळ, चित्रं नाहीतच, नुसती अक्षरं. लहान 'डी' म्हणजे कुत्रा, मोठा 'डी' म्हणजे ड्रॅगन. एकदा मेलात की संपलं, जुना डाव परत उघडता येत नाही. तरंगत्या डोळ्याला काठीने मारू नये, माणूस जागच्या जागी थिजतो, हे ज्ञान मी किमान सहा वेळा मरून मिळवलं. वीस वर्षांत हा खेळ मी एकदाही जिंकलेलो नाही. तरी त्याच्याइतका प्रामाणिक खेळ मी पाहिलेला नाही: हरलो ते दरवेळी माझ्याच मूर्खपणाने.

पण माझा जीव जडला तो 'बॅटल फॉर वेस्नॉथ'वर. डेव्हिड व्हाइट नावाच्या माणसाने २००३ मध्ये तो सुरू केला आणि मग जगभरच्या हौशी लोकांनी कुणी चित्रं, कुणी संगीत, कुणी गोष्टी घालत वाढवला. षट्कोनी घरांचा पट, आपली पाळी झाली की दुसऱ्याची. सोंगट्या आणि बुद्धिबळ यांचं लग्न लावावं तसा प्रकार. एल्फ जंगलात उभा असेल तर त्याला मार लागणं कठीण, तोच उघड्या मैदानावर आला की गेला. माणसं दिवसा जोरात, ऑर्क रात्री. गावं ताब्यात घेतली की पैसे मिळतात. या लढाईत जगलेला शिपाई पुढच्या लढाईत परत बोलावता येतो, म्हणून एखाद्या म्हाताऱ्या जादूगाराला वाचवण्यासाठी आपण अख्खी फळी मागे घेतो. जादूगाराचा प्रत्येक फटका लागण्याची शक्यता सत्तर टक्के. तीनही फटके चुकण्याची शक्यता हिशेबाने २.७ टक्के. माझे चुकतात. नेहमी. लोक म्हणतात फासे खोटे आहेत. खेळाचा सगळा सोर्स कोड उघडा आहे, ज्याला शंका असेल त्याने वाचून बघावं. म्हणजे दोष नशिबाचाच, तक्रार करायची तर देवाकडे.

हे उघडं असणं मला आधी शोभेचं वाटायचं. मी थोडाच कोड वाचणार? त्याची किंमत कळली ती दोन गोष्टींमुळे.

लोकी सॉफ्टवेअर नावाची एक कंपनी १९९८ मध्ये निघाली. नावाजलेले विंडोजचे खेळ लिनक्सवर आणून विकायचे हा तिचा धंदा. सिव्हिलायझेशन, क्वेक, हीरोज असे मोठे खेळ तिने आणले. २००२ च्या जानेवारीत ती बंद पडली. ते खेळ ज्यांनी पैसे मोजून घेतले, त्यांच्या सीडी आजच्या लिनक्सवर सरळ चालत नाहीत, जुन्या लायब्रऱ्या गोळा करत बसावं लागतं. याच कंपनीत सॅम लँटिंगा होता, त्याने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी मात्र खुली होती. ती आजही असंख्य खेळांच्या पोटात आहे.

दुसरी गोष्ट त्या पेंग्विनची. टक्स रेसर २००० मध्ये खुला म्हणून आला. मग करणाऱ्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती बंद करून विकायला काढली. ती विकाऊ आवृत्ती आज दुकानात शोधून मिळायची नाही. जुना खुला कोड मात्र दुसऱ्यांनी उचलला, नावं बदलत गेली, आणि 'एक्स्ट्रीम टक्स रेसर' म्हणून पेंग्विन अजून घसरतो आहे. घर विकलं गेलं तरी विहिरीवर वाड्याचा हक्क राहतो, तसं काहीसं.

ओपनटीटीडीबद्दल लिहायला लागलो तर हा लेख संपायचा नाही. एवढंच सांगतो की बहुतांश एकेरी असलेल्या कोकण रेल्वेवर आपली गाडी मधेच का थांबवून ठेवतात, हे मला त्या खेळात सिग्नल चुकीचे लावून कळलं. तेव्हापासून थिवीला गाडी उशिरा आली तरी मी चिडत नाही.

आता खरं बोलायचं तर सगळं जुनंच चांगलं होतं असं नाही. २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आलं, २०१८ मध्ये प्रोटॉन, आणि चित्रच पालटलं. प्रोटॉनच्या मुळाशी आहे वाइन, जे १९९३ पासून चालू आहे: विंडोजचा कार्यक्रम लिनक्सला समजेल असं करणारा दुभाषी. पूर्वी वाइनवर एक खेळ चालवायला रविवार जायचा. आता बटण दाबलं की चालतो. मीही विकत घेतलेत दोन-चार, मजेत खेळतो. पण मनात एक खुटखुट राहते. दुभाषी इतका चांगला मिळाल्यावर आपली भाषा शिकायची तसदी कोण घेणार? लिनक्ससाठी वेगळा खेळ बनवण्याची कंपन्यांना गरजच उरली नाही. आम्हा गोव्यातल्या मराठीवाल्यांना ही खुटखुट समजावून सांगायला नको.

आणि मग आला स्पर्धेचे खेळ खेळणाऱ्यांचा पहारेकरी. लबाडी पकडण्यासाठी काही खेळ संगणकाच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, आपला माणूस बसवतात. पाहुणा सोप्यावर बसतो, हा म्हणतो आधी देवघराची किल्ली द्या. लिनक्सवर त्याला तशी जागा मिळत नाही, म्हणून असे बरेच खेळ लिनक्सवर चालत नाहीत.

माझा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या वर्गातले पाच-सहा जण रात्री असाच एक खेळ एकत्र खेळायचे. "बाबा, सगळे खेळटात, हांवूच ना." मी त्याला देवघराचा दाखला दिला, स्वातंत्र्यावर बोललो, वेस्नॉथ उघडून दिला. तो काही बोलला नाही. मला वाटलं पटलं.

पुढे चार-पाच महिन्यांनी बायकोने सांगितलं की ट्यूशनच्या आधी मुलं काल रात्रीच्या खेळाच्या गजाली करतात आणि हा कोपऱ्यात वही उघडून बसतो. मला एकदम रामायण आठवलं. १९८७ साली आमच्या घरी टीव्ही नव्हता. रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या खिडकीतून बघायचो, आणि त्यांनी पडदा ओढला की सोमवारी शाळेत गप्प राहायचो. माझ्या बाबांकडे पैसे नव्हते. माझ्याकडे तर नुसतं मत होतं, आणि त्याची किंमत भरत होता तो.

पुढच्या शनिवारी म्हापशाहून दुसरी डिस्क आणली, त्यावर विंडोज घातलं. दोन डिस्क, दोन बिऱ्हाडं. त्या डिस्कवर घरातलं काहीही ठेवायचं नाही, फोटो नाहीत, कागद नाहीत, एवढी एकच अट. मत माझं अजून तेच आहे. पण ते मी माझ्या डिस्कवर ठेवतो.

यंदा जूनमध्ये एका रात्री गडगडाट होऊन वीज गेली. तासाभराने वीज आली, इंटरनेट काही आलं नाही. मुलगा जरा वेळ फोन उलटसुलट करत बसला, मग म्हणाला, "बाबा, तुजो तो झुजाचो खेळ काड." एकाच संगणकावर आळीपाळीने खेळायला बसलो. त्याने ऑर्क घेतले, मी एल्फ. पटावर संध्याकाळ होईपर्यंत तो हललाच नाही, नदीच्या पलीकडे दबून राहिला, आणि रात्र पडल्यावर एकदम चाल करून आला. हे त्याला मी शिकवलं नव्हतं. त्याचा सरदार माझ्या जादूगाराच्या टप्प्यात आला होता, दोन फटक्यांचं काम. तीनही चुकले.

"किती टक्के, बाबा?"

मी सांगितलं. तो इतका हसला की आतून आई ओरडली, अकरा वाजले म्हणून. सतराव्या पाळीला डाव सेव्ह करून उठलो. पाळी त्याची आहे.