प्रवेश विनामूल्य

मराठीत एकाच अर्थाचे तीन शब्द आहेत आणि तिघांची पत वेगवेगळी आहे. ‘फुकट’मध्ये तुच्छता आहे, फुकट मिळालेले ते कमअस्सल आणि फुकट गेलेले ते वाया गेलेले. ‘मोफत’ फारसीतून आला आणि सरकारी योजनांत व दुकानांच्या पाट्यांवर रुळला. ‘विनामूल्य’ मात्र निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी सभ्यपणे बसतो. गंमत अशी की, ‘मूल्य’ म्हणजे किंमत आणि ‘मूल्य’ म्हणजे मोलही. जिथे किंमत घेतली जात नाही तिथे मोल असते का, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे.

पुण्यासारख्या शहरात या शब्दाची प्रचीती अजूनही येते. सार्वजनिक ग्रंथालयातल्या मोफत वाचन विभागात वर्गणी न भरता वर्तमानपत्रे चाळता येतात. देवळातले कीर्तन, एखाद्या पेठेतली व्याख्यानमाला, पुस्तक प्रकाशनाचा समारंभ, पहाटेची वेताळ टेकडी, यांपैकी कशालाही तिकीट नाही. यामागे मोठी परंपरा आहे. पुणे नगर वाचन मंदिराचे मूळ १८४८ सालचे, लोकहितवादींच्या पुढाकारातले. आणि वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. विद्या चार भिंतींबाहेर, प्रौढ माणसांसाठीही खुली असावी, ही त्या पिढीची धारणा होती. आपण वर्गात प्रबोधनकाळ शिकवतो तेव्हा त्याची नियतकालिके आणि वाद सांगतो. त्या काळाने आपल्याला एक संध्याकाळ घालवायची जागा दिली, हे सांगायचे राहून जाते.

परंतु जे विनामूल्य असते त्याचे मूल्य कोणीतरी चुकते केलेले असते. व्याख्यान संपते, श्रोते वक्त्याभोवती गोळा होतात, आणि त्याच वेळी कोणीतरी सतरंजी गुंडाळत असतो. टेकडीवरच्या रोपट्याला एप्रिलमध्ये पाणी घालणारे हात आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला सावली दिसते. गाडगेबाबांच्या दिनक्रमात या दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. दिवसा ते गाव झाडीत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. अभ्यासक्रमात आपण बहुधा त्यांच्या कीर्तनाची शैली घेतो. पण दिवसाचा झाडू वगळून रात्रीचे कीर्तन समजेल, असे आम्हांला वाटत नाही.

आम्ही मराठी शिकवणाऱ्या काही सहकाऱ्यांनी आपल्या वाट्याचा झाडू शोधला तो दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचन करण्यात. लेखनिक होण्यास आमच्या पदव्याच आडव्या आल्या. परीक्षार्थीपेक्षा लेखनिकाचे शिक्षण कमी असावे, असा दंडक आहे आणि तो रास्तही आहे. उरले वाचणे. संगणकातला आवाज आता मराठी वाचतो हे खरे. पण युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेली किंवा केवळ छायाचित्रासारखी स्कॅन केलेली पुस्तके त्याला मुकीच राहतात, आणि मराठीच्या संदर्भग्रंथांत अशांचा भरणा मोठा आहे. म्हणून आठवड्यातून दोन तास एका शांत खोलीत बसून ध्वनिमुद्रण करायचे.

या कामाचा पहिला नियम एका विद्यार्थिनीने सुरुवातीलाच सांगितला : “सर, मॅडम, समजावू नका. नुसतं वाचा. अर्थ मी लावीन.” मराठीच्या प्राध्यापकाला यापेक्षा कठीण व्रत सांगता येणार नाही. आवाज कुठे चढवायचा, कुठल्या शब्दावर रेंगाळायचे, यातूनही भाष्य डोकावते. तेही आवरायचे. तळटीप आली तर तळटीप म्हणून वाचायची, पृष्ठक्रमांक सांगायचा, अवतरण कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते सांगायचे. डोळ्यांनी वाचताना आपण किती ओळी ओलांडून जातो, हे तोंडाने वाचताना कळते. जीभ काही गाळू देत नाही.

आणि मग काही दारे अनपेक्षितपणे उघडतात. ‘लीळाचरित्र’ अनेक वर्षे शिकवलेले. ते मोठ्याने वाचताना त्यातली छोटी छोटी वाक्ये, पुन्हा पुन्हा येणारे ‘म्हणीतलें’, प्रश्नाला लागूनच येणारे उत्तर, हे सारे ऐकू येऊ लागते. म्हाइंभटांनी आठवणी माणसांकडून ऐकून जमवल्या, हे विधान टिपणवहीतून उठून कानाशी येते. ओवीतही तेच. चौथा चरण तोकडा असतो हे आम्ही फळ्यावर कितीदा लिहिले. तिथे श्वास कसा टेकतो हे खोलीत बसून वाचताना उमगले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. वाचनसाहित्य मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो मान्य केला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून असे सुगम रूपांतर करण्यास स्वामित्वहक्काचीही आडकाठी उरलेली नाही. मग चार हौशी माणसांच्या सवडीवर त्याला का अवलंबून ठेवायचे? स्वयंसेवेने व्यवस्थेची लाज झाकली जाते, हे म्हणणे खरे आहे. म्हणून ग्रंथ युनिकोडमध्ये यावेत, ही मागणी आम्ही सोडलेली नाही. मात्र परीक्षा मार्चमध्ये असते, आणि मागणीची फाइल पुढच्या टेबलावर जाईपर्यंत मार्च थांबत नाही.

शिवाय एक भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. उपकार करणारा वरून खाली देतो. येथे तसे घडत नाही, कारण ज्या शहराने व्याख्याने ऐकवली, वाचनालयाच्या बाकावर बसू दिले, त्याचे देणे आमच्याकडे होतेच. ते देणाऱ्यांना परत करता येत नाही. त्यांतले बहुतेक आज नाहीत, आणि पुष्कळांची नावेही कुठे नोंदलेली नाहीत. ते पुढच्या माणसाकडेच द्यावे लागते. साहित्याची परंपरा अशीच चालते, असे आपण वर्गात सांगत असतोच. शहरही तसेच चालत असावे.