‘आमच्यांत चहा घेत नाहींत’

‘आमच्यांत चहा घेत नाहींत’ हें वाक्य मीं लहानपणीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, तें आमच्या गोत्रप्रवरांतलेंच एखादें असावें, असें मला कित्येक वर्षें वाटत असे. आमचें घर कॉफीचें. पुण्याच्या वाड्यांत सकाळीं माजघरांतून जायफळ किसल्याचा वास येऊं लागला म्हणजे मुलांनीं अंथरुणें गुंडाळावयाचीं, असा शिरस्ता होता. दुधांत उकळलेली, वेलदोडा-जायफळ घातलेली ती कॉफी एकादशीला चाले, सोंवळ्यांत चाले, आजारपणांत तर औषधासारखी चाले. चहा मागणारा पाहुणा मात्र अंमळ हलका ठरे.

पंच्याहत्तरी ओलांडल्यावर या कॉफीनें माझ्याशीं वैर धरिलें. रात्रीं झोंप येईना आणि छातींत धडधड होऊं लागली. गेल्या मार्गशीर्षांत डॉक्टरांनीं दिवसाचे पेले मोजून घेतले, ते चार भरले, आणि त्यांनीं कॉफी बंद केली. ‘अगदींच राहवलें नाहीं तर चहा घ्या, पण बेतानें,’ एवढी सवलत दिली. घरीं आल्यावर ही वार्ता सांगितली तेव्हां आमचें कुटुंब म्हणालें, ‘म्हणजे या वयांत पुन्हां मुंज लागायची म्हणावयाची!’ पौषांत कुलदैवताच्या दर्शनासाठीं नीरा-नरसिंहपूरला जावयाचें ठरलेंच होतें. कॉफीचा डबा डोळ्यांसमोर असतां नवें व्रत पाळणें कठीण. तेव्हां ही दीक्षा वाटेवरच घ्यावी असें ठरवून पुतण्याच्या मोटारींतून आम्हीं दोघांनीं बारामतीचा रस्ता धरिला.

पाटसहून दक्षिणेकडे वळलें म्हणजे पुष्कळ वेळ कोरडा माळच लागतो. बाभळी, मेंढ्यांचे कळप आणि वारा. मग एकाएकीं हवेंत ओल जाणवते आणि दोहों बाजूंस ऊस उभा राहतो. ही किमया नीरेच्या डाव्या कालव्याची. १८७६–७७ च्या दुष्काळानें हा मुलूख पार भाजून काढल्यावर भाटघरचें धरण आणि हा कालवा यांचीं कामें हातीं घेण्यांत आलीं, आणि १८८५ च्या सुमारास कालव्याला पाणी आलें. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळें आलीं आणि पुढें साखरेचे कारखाने. इंदापूर तालुक्यांतलें वालचंदनगर हें तर १९३० नंतरच्या दशकांत साखरेवरच उभें राहिलेलें गांव. पौष म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. उसानें लादलेल्या बैलगाड्यांच्या रांगेमागून आमची मोटार बैलांच्याच गतीनें चालली होती.

बारामतीस पोहोंचेपर्यंत माझें मस्तक फुटावयाची वेळ आली. कॉफी सोडून दीड दिवस झाला होता. नवशिक्यांनीं हें आधीं जाणून असावें, म्हणून सांगतों. नित्याची कॉफी एकदम तोडली कीं बारा ते चोवीस तासांत डोकें दुखूं लागतें, दुसऱ्या दिवशीं तें कळसास पोहोंचतें, आणि कित्येकांस आठवडाभर पिच्छा पुरवितें. तें कॅफीनचें मागणें असतें. २४० मिलिलिटर कॉफींत सुमारें ९५ मिलिग्रॅम कॅफीन असतें, तेवढ्याच चहांत सुमारें ४७. वास्तविक वजनास वजन धरलें तर चहाच्या पानांत कॅफीन कॉफीच्या बियांहून कमी नसतें. पण चहाची पूड चिमूटभरच लागते, म्हणून पेल्यांत कमी उतरतें. तेव्हां शहाण्यानें चारांचे तीन, तिहींचे दोन असें करीत चहाकडे सरकावें. मीं तसें केलें नाहीं. एका दिवसांत संन्यास घेतला आणि त्याचें फळ भोगलें.

कऱ्हेच्या कांठीं क्षणभर थांबलों. पन्हाळ्याहून येऊन बाबूजी नाईकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं आपलें सारें आर्यावैभव याच गांवीं उभें केलें आणि १७९४ सालीं येथेंच देह ठेविला. एवढी ग्रंथरचना चहाच्या आधारावांचून झाली, या विचारानें माझें दुखतें डोकें अधिकच शरमलें.

अखेर पुतण्यानें मला एका टपरीपुढें बसविलें. चहा होतांना मीं प्रथमच इतक्या बारकाईनें पाहिला. पातेल्यांत पाणी आणि साखर एकदमच पडली. पाण्यास आधण आल्यावर ठेंचलेलें आलें, मग दाणेदार पूड, आणि काळसर तांबडा रंग चढल्यावर दूध. तें वर येई, टपरीवाला पातेलें उचलून खालीं बसवी, पुन्हां आंचेवर धरी. मीं मनांत हिशेब केला: पाणी नीरेचें, दूध इथल्या गोठ्यांतलें, साखर इथल्या उसाची, चिमूटभर पूड तेवढी आसामांतून किंवा निलगिरींतून आलेली. हें पेय परदेशी म्हणावें तरी कसें?

‘साखर कमी घाल,’ मीं म्हणालों. पोऱ्यानें माझ्याकडे दयेनें पाहिलें. ‘काका, उसाच्या गांवात साखर कमी?’

पहिला घोट मीं कॉफीसारखा मोठा घेतला आणि चुकलों. जीभ पोळली ती पोळलीच, पण चवहि निसटली. कॉफी दुधाच्या आडून हळू येते आणि जिभेवर पसरते. चहा आधीं तुरट लागतो, मग आल्याचा चटका, मग गोडवा, आणि शेवटीं तोंड पुन्हां कोरडें. कॉफीच्या अपेक्षेनें चहा प्यालें तर तो पातळ कॉफीसारखाच वाटणार. दुसऱ्या पेल्याच्या वेळीं मीं जायफळाची आठवण बाजूला ठेवून नुसत्या आल्याकडे लक्ष दिलें, तेव्हां कोठें त्याची गोडी कळूं लागली. डोकेंहि अर्ध्या घटकेंत उतरलें. एक पथ्य मात्र सांगून ठेवतों: जेवणाला लागून चहा घेऊं नये. त्यांतला तुरट अंश अन्नांतलें लोह अंगीं लागूं देत नाहीं. घरांतल्या बायकामुलींनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

हा पालट माणसांनाच करावा लागतो असें नाहीं. सिंहलद्वीपावर एके काळीं जिकडेतिकडे कॉफीच होती. १८६९ सालीं पानांवर तांबेरा पडला आणि वीसेक वर्षांत मळे उजाड झाले. त्याच्या दोनच वर्षें आधीं जेम्स टेलर नांवाच्या मळेवाल्यानें १९ एकरांत चहा लावून पाहिला होता. पुढें अख्ख्या बेटानें तोच मार्ग धरिला. त्यांचेंहि डोकें दुखलें असेलच!

बारामतीहून इंदापूरची आमची वाट म्हणजे तुकोबांच्या पालखीचीच वाट. काटेवाडीला पालखीभोंवतीं मेंढ्यांचें रिंगण होतें, बेलवाडीला घोड्यांचें. पुढें निमगांव केतकी आणि मग इंदापूर. मालोजीराजे जेथें लढतां लढतां पडले तें हेंच इंदापूर. तालुक्याच्या उत्तरेस भीमा आहे. तिच्यावर १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि पळसदेवसारखीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पाणी फार ओसरलें म्हणजे तेथील जुन्या देवळाचें शिखर वर दिसूं लागतें.

इंदापुरांत रात्रीं पुतण्यानें विचारलें, ‘काका, आपल्याकडे चहा मुळीं वर्ज्य कां होता?’

मीं त्याला पंचहौदाची गोष्ट सांगितली. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतले प्रतिष्ठित गृहस्थ जमले, आणि त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरून खालीं ठेविला. गोपाळराव जोशांनीं सर्वांचीं नांवें जाहीर केलीं. त्यांत न्यायमूर्ति रानडे होते आणि टिळकहि होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, ग्रामण्य झालें, आणि रानड्यांसारख्या माणसानें शेवटीं प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्यासाठीं! पण त्या पेल्यांत काय आहे हें कोणीच विचारीत नव्हतें. तो कोणाच्या हातचा आहे एवढेंच विचारीत होते.

‘म्हणजे आपले पणजोबाहि त्यांतलेच?’ पुतण्या म्हणाला.

त्याच्या पणजोबांविषयीं, म्हणजे माझ्या आजोबांविषयीं, सांगावयाचें तें मीं त्या रात्रीं सांगितलें नाहीं.

सकाळीं नरसिंहपूरला गेलों. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचें हें आमच्यासारख्या कित्येक घराण्यांचें कुलदैवत. प्रल्हादानें वाळूची मूर्ति केली ती हीच, अशी श्रद्धा. घाटावर ऊन कोंवळें होतें, गर्दी नव्हती, अभिषेक निवांत झाला. परततांना वाट वांकडी करून आमच्या जुन्या गांवीं जावयाचें होतें. गांवाचें नांव सांगत नाहीं. नीरेकांठीं आमची थोडी जमीन होती एवढें पुरे.

आजोबा वर्षांतून दोनदां खंड घेण्यासाठीं तेथें जात. मी सात-आठ वर्षांचा असतांना त्यांच्याबरोबर दोनदां गेलों. बरोबर शिधा असे, आणि कॉफीचा डबा. आमचें कूळ फार सज्जन. आम्ही पोहोंचलों कीं कुळाची बायको चुलीवर चहाचें आधण ठेवी. आजोबा ओट्यावर घोंगडीवर बसून म्हणत, ‘आमच्यांत चहा घेत नाहींत.’ ती मुकाट्यानें आधण उतरवी. दुसऱ्या वर्षींहि तिनें ठेवलें आणि दुसऱ्या वर्षींहि उतरविलें.

आतां खरें तें लिहितों. आजोबा पुण्यांत आपल्या वकीलमित्राच्या दिवाणखान्यांत चहा घेत. मी त्यांच्या मांडीशीं बसून तो पाहिला आहे, आणि बशींतला घोटभर चाखलाहि आहे. शिवाय तेंच कूळ भाद्रपदांत भुईमुगाचें पोतें घेऊन आमच्या वाड्यावर येई, तेव्हां त्याला कॉफी मिळे खरी, पण ती गोठ्याच्या कोनाड्यांतल्या वेगळ्या कपांतून. त्या कपाचा कान तुटलेला होता. पिऊन झाल्यावर तोच कप विसळून कोनाड्यांत ठेवी. १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आला, कुळकायद्यानें जमीन कसणाराची झाली, आणि आमच्या घरांत ‘शेतें गेलीं’ हें दुसरें वाक्य पहिल्याच्या जोडीला रूढ झालें. त्यानंतर आमच्यापैकीं कोणी त्या गांवीं पाऊल टाकिलें नव्हतें.

त्या कुळाचा मुलगा माझ्याच वयाचा. लहानपणीं आम्ही दोघांनीं कालव्याच्या चारींत कागदाच्या होड्या सोडल्या आहेत. मी त्याला अरे-तुरे करीत असें आणि तो मला ‘तुम्ही’ म्हणे. पुतण्यानें आधीं फोन केला होता, म्हणून तो दारांतच उभा होता; डोक्याला फेटा, हातांत काठी. मला ‘तूं’ म्हणवेना. ‘कसे आहांत?’ असें मीं विचारलें, तेव्हां त्यानें मागें वळून पाहिलें; आणखी कोणी आलें कीं काय, असें त्याला वाटलें असावें.

घर आतां पक्कें, अंगणांत ट्रॅक्टर, मागें ऊस. आम्ही टेकतों न टेकतों तोंच त्यानें आंत हांक दिली. ‘सूनबाई, काफी ठिव गं. आण्णा च्या घेत न्हाईत. त्यांच्यात च्या चालत न्हाई.’

सून आंतून एक नवें कोरें कॉफीचें पाकीट घेऊन दाराशीं आली आणि किती घालावयाची तें विचारूं लागली. तें पाकीट त्यांनीं आदल्या दिवशीं इंदापूरहून मुद्दाम आणविलें होतें. त्या घरांत कॉफी पूर्वीं कधीं झाली नव्हती.

पुतण्या माझ्याकडे पाहूं लागला. डॉक्टरांचें नांव पुढें करणें सोपें होतें. तें मीं केलें नाहीं. ‘मला चहाच हवा,’ मीं म्हणालों, ‘तुम्ही घेतां तसा.’

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. काठीची मूठ चोळीत बसला. मग म्हणाला, ‘आमची आई लई वर्सं म्हनायची, आण्णांच्या आजोबास्नी माझा च्या आवडत न्हाई, जास्ती उकळतो म्हनून. तुमी यायच्या आदी ती शेजारनीकडं जाऊन इचारायची, पूड किती टाकू.’

हें मला ठाऊक नव्हतें.

‘ती आहे?’ मीं विचारलें.

‘न्हाई. बारा वर्सं झाली.’

सुनेनें चहा आणिला. चौघांनाहि एकाच नमुन्याच्या कपबश्या होत्या. चहा अतिशय गोड होता, फार उकळलेला होता, आणि आल्यानें घसा धरीत होता. मीं तो त्याच्यासारखाच बशींत ओतून, फुंकर घालून घेतला, आणि ‘अजून अर्धा’ म्हणून कप पुढें केला. दुसऱ्या अर्ध्याच्या वेळीं त्या तुटक्या कानाच्या कपाविषयीं बोलावें असें फार मनांत आलें. शब्द सुचेनात. तोच म्हणाला, ‘तुमच्या वाड्यातल्या गोठ्यात एक कप व्हता. निळ्या फुलांचा. मी बा संगं आलो तवा त्यातूनच काफी पिलो. ग्वाड व्हती.’

मीं मान खालीं घातली. फुलें निळीं होतीं, हें मी विसरलों होतों.

निघतांना त्यानें गुळाची एक ढेप मोटारींत ठेवली. मग आंत जाऊन तें कॉफीचें पाकीट घेऊन आला आणि पुतण्याच्या हातांत देऊं लागला. पुतण्या संकोचून म्हणाला, ‘अहो असूं द्या, तुम्हांलाच होईल.’

‘आमी काय करू हे?’ तो म्हणाला. ‘आमच्यात काफी घेत न्हाईत.’ आणि बोलून झाल्यावर त्याचें त्यालाच हंसूं आलें; मग मलाहि आवरेना. सूनबाई दारांत उभी राहून आम्हां दोघां म्हाताऱ्यांकडे पाहत होती.