ढीग आधी फोड

चि. सुहास यास,


काल फोनवर तू सहज बोलून गेलास आणि मला रात्रभर डोळा लागला नाही. रस्त्याच्या केसची नक्कल मागायला आलेल्या त्या बाबांना तू तिसऱ्यांदा परत पाठवलंस, का, तर फाइल सापडली नाही. आणि लगेच मला विचारतोस, "आत्या, पहाटे चारला उठायला लागू का? कामांच्या यादीचं एखादं ॲप घेऊ का?" अरे, पहाटे चारला उठून तहसीलमधली फाइल सापडणार आहे का?

तुझा दिवस शोधण्यात जातोय, सुहास. दिवाळीत तुझ्या टेबलाशी तासभर बसले होते, तेव्हाच दिसलं. बारनिशीतून टपाल येतं, तू कागद वाचतोस, बाजूला सारतोस आणि संध्याकाळी तोच कागद पहिल्यापासून पुन्हा वाचतोस.

सहा गठ्ठे प्रशिक्षणात शिकवले होते ना? परीक्षेपुरते पाठ केलेस आणि सोडून दिलेस! चालू प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारं आणि नष्ट करायचं. कागद आला की त्याच दिवशी त्याचा गठ्ठा ठरला पाहिजे. त्यातल्या प्रतीक्षाधीन गठ्ठ्यानं मला नोकरीभर तारलं. तलाठ्याचा अहवाल यायचाय, भूमी अभिलेखकडून मोजणी यायचीय, असली प्रकरणं चालू कामात मिसळली की रोज उचलायची, 'अजून आलं नाही' म्हणायचं आणि खाली ठेवायची. ती वेगळी काढ. प्रत्येकावर स्मरणपत्राची तारीख टाक आणि त्या तारखेपर्यंत त्यांच्याकडे बघूसुद्धा नकोस. डोक्यावरचं ओझं किती उतरतं ते बघ. 'ड' वर्गातले कागद तर वर्षभरानं नष्ट करायचे असतात. तुझ्या कपाटात ते खालपासून वरपर्यंत कोंबलेत.

अहमदनगरला ऐंशीच्या दशकात अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. हवा तो कागद काही मिनिटांत हाती येईल अशी सगळी कचेरी त्यांनी लावून घेतली. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो गाजला. तेव्हा टेबलावर ना संगणक होता ना खिशात मोबाइल. तुझे आजोबा ते बघून आले त्या रात्री जेवताना दुसरं काही बोलले नाहीत. दादाला विचार. आता ई-ऑफिस आलंय, पण तिथेही तुझ्या खात्यात न उघडलेलं टपाल साचलंय, हे तूच सांगितलंस.

दर शुक्रवारी कार्यविवरण नोंदवहीचा गोषवारा काढ: मागची शिल्लक, आठवड्याची आवक, निर्गत, उरलेली शिल्लक. साहेबांची सही घ्यायची म्हणून घाईघाईनं भरू नकोस, स्वतःला कळावं म्हणून काढ. दफ्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा आहेच. साधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त फाइल एका टेबलावर राहू नये, असं तो सांगतो. पण मला कायद्यापेक्षा त्या बाबांचं वाटतं. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, गावी परतल्यावर 'आजही नाही' असं घरात सांगणं. तुझ्या टेबलावरच्या पसाऱ्याची किंमत ते भरतायत.

आणि तू रात्री नऊला घरी पोचतोस. परी झोपलेली असते म्हणे. स्मिता तक्रार करत नाही, पण तिच्या आवाजात मला कळतं. पित्ताच्या गोळ्या अजून रोज चालू आहेत का? खरं सांग. दादाचंही असंच सुरू झालं होतं, आणि पुढे काय झालं ते तू डोळ्यांनी पाहिलंस. माझा जीव त्यामुळे फार घाबरतो रे. डब्याची वेळ चुकवू नकोस.

येत्या शनिवारी साहेबांची परवानगी घेऊन कचेरीत बस आणि तो ढीग फोड. फाइली बांधायचे रुमाल फाटले असतील तर नवे मागून घे. त्या बाबांची फाइल आधी शोध, नक्कल तयार कर आणि सोमवारी त्यांना तू स्वतः फोन कर.

तुझी,
नलूआत्या