हलगी आणि हुकूम

सिनेमाच्या पडद्यावर हलगी कडाडली, की प्रेक्षक खुर्चीत ताठ होतो. बासरी मन हलवते, हलगी अंग हलवते. विस्तवावर शेकून ताणलेले कातडे, एका हातात टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. त्यातून निघणारा आवाज इतका कोरडा आणि धारदार, की पन्नास वाद्यांच्या गर्दीतही वेगळा ऐकू येतो. म्हणूनच पळापळ, मिरवणूक, झुंज अशा प्रसंगी संगीतकारांना तिची आठवण होते.

पण आम्हा बौद्धांच्या कानांना या आवाजात आणखीही काही ऐकू येते. गावकीच्या काळात आमच्या आज्या-पणज्यांना पाटलाच्या हुकमाने दवंडी द्यावी लागे, दुसऱ्यांच्या वरातीपुढे वाजवावे लागे. मोबदला काय, तर शिळी भाकर. महार वतनाच्या या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव आपल्या माणसांनी हलगी खाली ठेवली आणि त्यापायी बहिष्कारही सोसला. आमच्या घरातली हलगी तेव्हाच गेली. आज जयंतीच्या व्हिडिओला पोरे हलगीचा ठेका लावतात, तेव्हा म्हातारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे दुखणे खरे आहे.

तरीही आम्हांला वाटते, खाली ठेवायचा होता तो हुकूम, आणि तो आपण कधीच खाली ठेवला आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. तिथून आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू झाला आणि चौदा वर्षांनी, २०११ साली पूर्ण झाला. त्यातला शाहिरांचा डफ कोणाच्या हुकमाने वाजत नाही, तो जाब विचारतो. ‘फँड्री’तला (२०१३) जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, नागराज मंजुळे यांना हलगी वाजवतानाच सापडला होता.

मंजुळ्यांच्याच ‘सैराट’ने (२०१६) आणखी एक गोष्ट शिकवली. ‘झिंगाट’वर अख्खे थिएटर नाचले. शेवटी मात्र रक्ताने माखलेली लेकराची पावले दिसतात, तेव्हा कसलाच आवाज नाही. आधी एवढे वाजले होते, म्हणूनच ती शांतता काळजात घुसते.

मोबाईलवर चित्रण करणाऱ्या आमच्या मुलामुलींना म्हणून एवढेच सांगणे आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेका बडवू नका. आजी बोलत असेल तेव्हा हलगी थांबवा, तिचा शब्द न् शब्द ऐकू येऊ द्या. मोर्चा निघाला, पाऊल उचलले, की त्या पावलावर पहिली थाप पडू द्या. माईक हलगीच्या अगदी तोंडाशी धरू नका, आवाज फाटतो. संगणकातला तयार ठोका फुकट मिळतो हे खरे, पण हाताच्या थापेत जो श्वास असतो तो त्यात नसतो.

आजही कितीतरी मातंग बांधव हलगीवर पोट भरतात. त्यांच्यापैकी कोणाला बोलवाल, तर मजुरी आधी ठरवा, काम झाल्याबरोबर हातात द्या, आणि नामावलीत त्याचे पूर्ण नाव लिहा. आमच्या पणजोबांनी जन्मभर वाजवले, त्यांचे नाव कोणीच लिहिले नाही.