सूज नेमकी कुठली?

रिपोर्ट न्यायला आलेल्या बाईनं मला विचारलं, “डॉक्टर, आता कॅन्सरची भीती गेली ना?” वय तिशीच्या आसपास. “पिशवीला सूज आहे, आत्ताच काढा, नाहीतर पुढं कॅन्सर होईल,” असं सांगून तिची गर्भपिशवी काढली होती. मायक्रोस्कोपखाली मला दिसली होती ती गर्भाशयमुखाची किरकोळ सूज. मूल झालेल्या जवळजवळ प्रत्येक बाईत ती सापडते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. दाहाचं, म्हणजेच सुजेचं, आणि कर्करोगाचं नातं रोज पाहते, म्हणूनच ‘पुढं कॅन्सर होईल’ हे वाक्य मला फार लागतं. नातं खरं आहे, पण त्याची जागा वेगळी आहे.

दर महिन्याला बीज सुटतं तेव्हा अंडाशयाचा पृष्ठभाग फाटतो. हे फाटणं म्हणजे छोटासा दाहच. पांढऱ्या पेशी धावून येतात, प्रोस्टाग्लँडिन तयार होतं, ऊती विरघळवणारी विकरं सुटतात आणि मग जखम भरते. बीजवाहिनीचं झालरीसारखं टोक त्या वेळी अंडाशयाला लगटून असतं. ते त्या द्रवात भिजतं, आणि त्यातल्या मुक्त मूलकांमुळे पेशींच्या डीएनएला इजा होऊ शकते. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बाईत ही इजा नीट दुरुस्त होत नाही.

सतत बीज सुटणं हेच अंडाशयाच्या कर्करोगाचं मूळ असावं, असं इजिप्तचे डॉ. महमूद फतल्ला यांनी १९७१ मध्ये मांडलं. अंड्यांवरच्या कोंबड्यांना हा कर्करोग आपसूक होतो आणि त्यांचं बीज जवळजवळ रोज सुटतं. गरोदरपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या यांनी बीज सुटणं थांबतं आणि धोकाही घटतो. मग नसबंदीचं काय? तिच्यानं बीज सुटणं थांबत नाही, तरी धोका कमी होतो. १९९९ मध्ये रॉबर्टा नेस आणि कॅरी कॉट्रो यांनी नेमकं यावर बोट ठेवलं आणि सगळ्याला जोडणारा धागा म्हणून दाह पुढं केला. नसबंदीनं बीजवाहिनीची नळी बंद झाली की पाळीचं रक्त उलटं ओटीपोटात जात नाही. एन्डोमेट्रिओसिस या आजारात अंडाशयात होणाऱ्या चॉकलेट सिस्टमध्ये असंच जुनं रक्त वर्षानुवर्षं साचतं आणि त्यातलं लोह भोवतालच्या पेशींना छळतं. अंडाशयाच्या कर्करोगाचे दोन प्रकार तिथून उगवतात. तरीही चॉकलेट सिस्ट असलेल्या बहुसंख्य बायकांना कर्करोग कधीच होत नाही. हे वाक्य मी दरवेळी मुद्दाम म्हणते.

सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार मात्र बहुतेकदा नळीच्या झालरीतच सुरू होतो. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांना आनुवंशिक धोक्यामुळे काढलेल्या नळ्यांत त्याच्या पूर्वखुणा दिसल्या. तोवर आम्ही नळीचे एक-दोन काप घेऊन मोकळे व्हायचो. आता अशा बाईची झालर वेगळी करून उभी चिरतो आणि सगळी नळी तपासतो.

म्हणजे नुसती पिशवी काढून अंडाशयाच्या कर्करोगाची भीती जात नाही. पिशवीच्या नावानं मात्र केवढी भीती घातली गेली! २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा ऑपरेशनांची चौकशी सरकारला करावी लागली. ऑपरेशन खरोखरच गरजेचं असेल आणि मुलं नको असतील, तर अंडाशय राखून नळ्या काढता येतील का, हे बायकांनी जरूर विचारावं. पण नुसत्या ‘सुजे’साठी कुणी पोट उघडू देऊ नये.

परवा एका बरणीत दोन नळ्या आल्या. बाईच्या आईला अंडाशयाचा कर्करोग होता, जनुकदोष सापडला होता आणि तिनं पूर्ण विचार करून ऑपरेशन करून घेतलं होतं. झालरीच्या एका घडीत जेमतेम दोन मिलिमीटरवर पेशी एकमेकींवर चढलेल्या होत्या. पी-५३ या प्रथिनासाठी लावलेल्या रंगात तेवढाच पट्टा गडद तपकिरी दिसला. शेजारच्या पेशी ओळीनं शांत उभ्या होत्या. आणखी काप घेतले, पण कुठंही पसरलेलं दिसलं नाही. रिपोर्ट टाइप करण्याआधी मी सर्जनला फोन लावला.