उंटापाशी अडलेलं पुस्तक

मुलांनो, एखादं पुस्तक न वाचताच 'वाचलं' असं तुम्ही कधी कुणाला सांगितलंय? खरं सांगा हं! मी सांगितलंय.

मी डी.एड.ला होते तेव्हाची गोष्ट. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून त्यांनी मला 'बेन-हर' ही जाडजूड कादंबरी दिली. ल्यू वॉलेस या अमेरिकन लेखकाची, १८८० सालची. येशू ख्रिस्ताच्या काळातली कथा. तिच्यात रथांची शर्यत आहे, एवढं मला ठाऊक होतं.

मोठ्या उत्साहाने उघडली. तर काय? वाळवंट आणि एक पांढरा उंट! उंटाचं वर्णन संपता संपेना. मग तंबू, मग जेवण, मग तीन ज्ञानी पुरुष आपापली कहाणी सांगत बसतात. त्यातला मेल्खियोर चक्क हिंदुस्थानातला! तेवढी गंमत वाटली, पण बेन-हर कुठाय? तो थेट दुसऱ्या भागात येतो. आणि शर्यत पाचव्यात!

पंधरा दिवसांनी मी पुस्तक परत केलं.

"वाचलंस? दारातल्या आईचा प्रसंग कसा वाटला?" गुरुजींनी विचारलं.

"छान वाटला," मी ठोकून दिलं.

ते काही बोलले नाहीत. पुस्तक कपाटात ठेवलं, बस्स. त्यानंतर जिन्यात ते दिसले, की मी उगाच घाईत असल्यासारखं करायची.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र राहवेना. पुस्तक पुन्हा मागून आणलं. रोज दहा पानं, शेजारी शब्दकोश. उंट ओलांडला, बेथलेहेम आलं, आणि मग एकदाचा बेन-हर! जेरुसलेममधल्या आपल्या घराच्या गच्चीवरून तो रोमन सुभेदाराची मिरवणूक बघत असतो. कठड्यावर रेलतो, एक कौल सुटतं आणि नेमकं सुभेदाराच्या डोक्यात! झालं. पोराला जन्मभर जहाजावर वल्ही मारायची शिक्षा, आई आणि बहीण कोठडीत. हात बांधून नेताना नाझरेथच्या विहिरीपाशी एक अनोळखी मुलगा त्याला पाणी पाजतो. तो कोण, ते मी सांगणार नाही. पण ते पाणी शेवटी पुन्हा आठवतं बरं का! आणि पांढऱ्या उंटावरचा तो प्रवासीही म्हातारा होऊन परत भेटतो. मी उगाच कंटाळले होते त्याला.

मग आली ती आई. कोठडीत मायलेकींना कुष्ठरोग झालेला. (तेव्हा त्यावर औषध नव्हतं, आज आहे.) सुटल्यावर रात्री त्या आपल्या घराशी येतात, तर दाराजवळ दगडावर कुणीतरी झोपलेलं. तिचाच मुलगा! इतक्या वर्षांनी. पण आपला रोग त्याला लागेल म्हणून ती त्याला हातही लावत नाही. धुळीतून सरकत जाते आणि त्याच्या चपलेच्या तळाचा मुका घेते. तो झोपेतच.

मला पुढचं दिसेना. पुस्तक घेऊन तशीच गुरुजींकडे गेले.

"गुरुजी, मागच्या वेळी मी वाचलं नव्हतं. खोटं बोलले."

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "या वेळी उंट ओलांडलास ना? ये, चहा टाकतोय."

शर्यत अजून वाचायची राहिलीये, असं त्यांनी माझ्या हातातल्या खुणेवरून ओळखलं. मी खरं म्हणजे शर्यत आधीच वाचून संपवली होती. खूण त्या आईच्याच पानावर होती.